विमानसुद्धा वाजवून घ्यावं लागतं

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. अर्धवट वाचून कमेंट करू नका, ही विनंती.)

गेली काही वर्षं नाशिकहून, पुण्याहून, कधी सांगलीहूनसुद्धा मला एकाच प्रकारचं रील फॉरवर्ड होऊन येतं. अमेरिकेत कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेलं दोन माणसांचं पांढरंशुभ्र विमान. इंजिन मागे, छोटे पंख पुढे, आणि खाली विक्रीची किंमत. ती बघून सगळ्यांचे डोळे विस्फारतात, कारण इथल्या बऱ्यापैकी नव्या गाडीच्या पैशात असं विमान मिळून जातं. मग ठरलेले प्रश्न येतात. "दादा, तू तिकडे विमानांचंच काम करतोस ना? हे खरं आहे का? घेण्यासारखं असतं का? आणि आपल्याकडे असं का नाही?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर विमान बघितल्याशिवाय देता येत नाही. तिसरा प्रश्न मात्र सार्वजनिक आहे, आणि त्यावर आपल्याकडे जे बोललं जातं ते मला अर्धवट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

मी कॅलिफोर्नियात लायसन्स असलेला विमान मेकॅनिक आहे. लहान विमानांवर काम करतो. कुणी जुनं विमान घेणार असेल, तर त्याच्या वतीनं ते आधी तपासून देणं हेही आमच्या कामात येतं. आपण सेकंडहँड गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो, तसंच. फरक एवढाच, की गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते.

आधी इथली पद्धत सांगतो. अमेरिकेत नागरिकाला स्वतःचं विमान स्वतः बांधायची कायद्यानं मुभा आहे. अट अशी, की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असावा. लोक याला 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. बांधून झालं की सरकारी तपासनीस किंवा त्यांनी नेमलेला माणूस येतो, कागद आणि विमान बघतो आणि 'एक्सपेरिमेंटल' म्हणजे प्रायोगिक वर्गात त्याला परवाना देतो. मग ठरलेल्या भागातच, सहसा एकट्यानं, पंचवीस किंवा चाळीस तास चाचणी उड्डाणं करायची. त्यानंतर शेजारी किंवा मागे कुणाला बसवता येतं. अशी विमानं इथल्या लहान खाजगी विमानांमध्ये साधारण दहा टक्के आहेत. म्हणजे हा चार चक्रम लोकांचा छंद नाही.

या विमानात प्रवाशाला दिसेल अशी एक पाटी लावावीच लागते. तिचा मतितार्थ असा: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठी असलेले सरकारी सुरक्षा नियम ते पाळत नाही. सरकार स्वतःच सांगतं की आम्ही याची हमी घेत नाही, बसायचं तर विचार करून बसा. मला ही पाटी आवडते. नागरिकाला मोठ्या माणसासारखं वागवणारी पाटी आहे ती. पण ती बांधणाऱ्यासाठी आणि त्याच्याबरोबर बसणाऱ्यासाठी पुरेशी आहे. तेच विमान वीस वर्षांनी तिसऱ्या माणसाच्या हातात जातं, तेव्हा ती पुरत नाही.

का पुरत नाही ते समजायला ही विमानं कशी बांधतात हे माहीत हवं.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात बर्ट रुटान नावाचा अवलिया डिझायनर होता. त्यानं १९७५ मध्ये व्हेरीईझ आणि १९७९ मध्ये लाँग-ईझी उडवलं. (त्याचा भाऊ डिक आणि जीना येगर यांनी १९८६ च्या डिसेंबरात रुटाननंच डिझाइन केलेल्या 'व्हॉयेजर'मधून न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.) रुटाननं लाँग-ईझीचे नकाशे विकले. विमान नाही, नकाशे. घ्या आणि घरी बांधा. १९८५ मध्ये त्यानं ते विकणं बंद केलं, पण तोवर बरंच काम गॅरेजांमधून सुरू झालं होतं. ती विमानं आजही उडतात आणि आजही विकली जातात.

बांधायची रीत आपल्याला अनोळखी नाही. बंदी येण्याआधी गणपतीचं मखर करताना थर्माकोल गरम तारेनं कापायचो ना? इथेही फोमचा ठोकळा गरम तारेनं पंखाच्या आकारात कापतात. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरतात आणि इपॉक्सी नावाचा डिंक त्यात जिरवतात. फुटलेली कपबशी चिकटवायला आपण अ‍ॅराल्डाइट आणतो, हा त्याच्याच कुळातला. ठरलेल्या दिशेनं कापडाचे ठरलेले थर द्यायचे, वाळू द्यायचं. वर लांबी भरायची, घासायची, रंग द्यायचा. झाला पंख. हलका, गुळगुळीत आणि नीट केला असेल तर भलताच मजबूत.

'नीट केला असेल तर' या चार शब्दांत सगळं आलं.

पत्र्याचं विमान बोलतं. रिबिट सैल झालं की त्याच्याभोवती काळा डाग दिसतो. पत्रा चेपला तर चेप दिसतो. गंज वर येतो. फायबरचं विमान मुकं असतं. कापडात इपॉक्सी कमी पडलं, दोन थरांमध्ये हवा राहिली, एखादा थर उलट्या दिशेनं लागला, गडबडीत एक थर राहूनच गेला, यातलं वरून काहीही दिसत नाही. सगळ्यावर लांबी आणि लांबीवर चकचकीत पांढरा रंग. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून आलेली गाडी उन्हात कशी झळकते, तसंच. बांधणाऱ्यानं तो थर देताना मन लावून काम केलं होतं की त्या संध्याकाळी तो दमला होता, हे त्या रंगाखाली कायमचं बंद होतं.

त्यामुळे असं जुनं विमान घेताना तुम्ही खरं तर एका अनोळखी माणसाच्या हाताचं काम विकत घेत असता. तो माणूस बहुतेक वेळा समोर नसतो. कधी तो तीन मालकांपूर्वीचा असतो, कधी या जगातच नसतो.

ही पुस्तकी भीती नाही. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' म्हणणारा जॉन डेन्व्हर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या होस्टेलवर गिटारवर वाजवला असेल. तो १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात विमान पडून गेला. विमान लाँग-ईझी होतं, दुसऱ्यानं बांधलेलं, सेकंडहँड घेतलेलं. आदल्याच दिवशी ते त्याच्या ताब्यात आलं होतं.

अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेचा, एनटीएसबीचा, अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे. तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात पंख तुटला, इंजिन फुटलं असं काही नाही. विमानात दोन टाक्या होत्या, आणि एकीवरून दुसरीवर जायला एक कॉक फिरवावा लागायचा. रुटानच्या नकाशात तो वैमानिकाच्या समोर, पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्यानं तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. त्याचा हेतू चांगला होता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, एवढंच. पण कॉकवर खुणा नव्हत्या. इंधन दाखवणाऱ्या काचा मागच्या बाजूला, त्यांच्यावरही खुणा नाहीत. कॉक फिरवायचा तर अख्खं अंग डावीकडे वळवावं लागायचं, आणि तसं वळलं की उजवा पाय आपसूक रडरच्या पेडलवर दाबला जायचा.

उड्डाणाआधी तिथल्या मेकॅनिकनं आणि डेन्व्हरनं या कॉकबद्दल बोलणं केलं होतं. पकड लावून मूठ लांब करता येते का, हेही बघून झालं. जमलं नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून मेकॅनिकनं त्याला छोटा आरसा दिला. इंधन भरायचं का, असं विचारल्यावर तासभरच उडणार आहे, नको, असं उत्तर आलं. अहवालाचा निष्कर्ष असा, की कॉक फिरवण्याच्या धडपडीत त्याचं लक्ष उडवण्यावरून हटलं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमानाचा ताबा सुटला. कारणांमध्ये त्यानं इंधन न भरणं आणि या विमानाची पुरेशी सवय करून न घेणं आहेच. पण कॉक अडचणीच्या जागी बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही कारण म्हणून नोंदवलेला आहे.

डेन्व्हर नवखा नव्हता. २,७०० तासांहून जास्त उड्डाण केलेला माणूस होता. पण त्या विमानात तो नवखा होता. बांधणाऱ्याला तो कॉक सवयीचा असणार, त्याचा हात आपोआप तिथे जात असणार. विमान विकलं की सवय विकता येत नाही. अडचण तेवढी विमानाबरोबर जाते.

याच संस्थेनं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये तपासलेल्या या वर्गातल्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं सध्याच्या मालकानं बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. विमान नवं असताना सुरुवातीच्या तासांत अपघात होतात, हे सगळ्यांना माहीत होतं. या अभ्यासात दिसलं, की मालक बदलला की धोक्याची तशीच एक सुरुवात पुन्हा होते.

आता माझ्याकडचा अनुभव. नावं देत नाही, गावही नाही.

पुण्याचा एक मुलगा आहे, इथे सॉफ्टवेअरमध्ये. मला काका म्हणतो. उडायचं लायसन्स मेहनतीनं काढलेलं. त्यानं एक लाँग-ईझी पसंत केलं, बयाणा दिला आणि मला म्हणाला, "काका, फक्त एकदा डोळ्याखालून घाला." मी म्हटलं, डोळ्याखालून घालायचं असेल तर फोटो पाठव, तपासायचं असेल तर अख्खा दिवस दे. त्यानं दिवस दिला.

हँगरमध्ये विमान नाक जमिनीला टेकवून उभं होतं. इंजिन मागे असल्यामुळे माणूस बसलेला नसेल तर हे विमान मागे कलंडू शकतं, म्हणून त्याचं पुढचं चाक आत घेऊन नाक टेकवून ठेवतात. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, अगदी तसं दिसतं. मुलगा त्याच्याकडे बघून हसत होता. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, बोलायला गोड. विमानाचे तिसरे मालक. बांधणाऱ्याशी संपर्क तुटलेला.

मी विमानाला हात लावण्याआधी कागद मागितले. फायबरच्या विमानात कागद हाच एक्स-रे. बांधणाऱ्याची वही असते, कुठल्या तारखेला कुठला भाग केला, त्याचे फोटो असतात. कापडाचे थर रंगाखाली जाण्याआधीचे फोटो असले तर सोन्याहून पिवळं. नकाशे विकल्यानंतर रुटानची कंपनी 'कॅनार्ड पुशर' नावाचं पत्रक काढायची. त्यात नकाशातल्या दुरुस्त्या यायच्या, काही तर करायलाच हव्यात अशा. त्या केल्या की नाही, हेही वहीत सापडतं. इथे वही नव्हती. इंजिनाची नोंदवही होती, विमानाचीही होती, पण बांधणीचं एकही पान नाही.

मग वजनाचा कागद. तो पहिल्या इंजिनाचा होता. नंतर कुणीतरी जास्त ताकदीचं, जास्त जड इंजिन बसवलं होतं, पण त्यानंतर विमान तोललेलं कुठेच नोंदलेलं नव्हतं. इंजिन मागे आहे हे विसरू नका. मागे वजन वाढलं की तोल मागे सरकतो, आणि अशा विमानात तोल ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला, तर ते अशा अवस्थेत अडकू शकतं की वैमानिकानं काहीही केलं तरी नाक खाली येत नाही. आम्ही तीन वजनकाटे लावले. कागदापेक्षा बरंच जास्त भरलं. पुढे थोडं शिसं टाकून ते जमवता आलं असतं. म्हणजे त्यासाठी सौदा मोडायची गरज नव्हती.

मग मी खिशातून नाणं काढलं.

माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेरानं वाजवतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. फायबरचं विमान तपासायची पहिली रीत तीच आहे. नाण्यानं हलके हलके टिचक्या मारत पंखभर फिरायचं. थर एकमेकांना आणि फोमला नीट चिकटलेले असतील तर आवाज एकसारखा येतो. मध्ये पोकळी असेल तर बद्द होतो. याला मशिनं आहेत, पण नाणं आणि कान यांची सर सुरुवातीला कशालाच नाही. पावणेदोन तास मी ते केलं. मुलगा कंटाळला, मालक चहा घेऊन आले.

डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला, टाकीचा भाग जिथे पंखाला भेटतो त्याच्या जवळ, हाताच्या पंज्याएवढी जागा बद्द वाजली. खाली आडवा होऊन टॉर्च तिरकी धरली, तर तिथला पांढरा रंग बाकीच्या पांढऱ्यापेक्षा किंचित वेगळा होता. तो नंतर दिलेला रंग होता.

आता याची कारणं दोन असू शकतात. कदाचित हँगरमध्ये शिडी लागली असेल, कुणीतरी नीट दुरुस्ती केली असेल आणि वर लांबी जाड बसली असेल. किंवा खालचा थर फोमपासून सुटला असेल. टाकी जवळ असल्यानं तिसरी शंकाही होती. पेट्रोलचा थेंब पंखातल्या निळ्या फोमला लागला तर तो फोम विरघळतो. ज्यानं लहानपणी थर्माकोलवर पेट्रोल ओतून बघितलंय त्याला हे सांगायला नको. वरून बघून यातलं खरं कुठलं हे कुणीही सांगू शकत नाही. नोंदवहीत त्या जागेबद्दल अक्षर नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, "एवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढू द्या. खालचं कापड दिसलं की ठिगळ आहे की नाही ते कळेल. नंतरचा रंग आमच्या खर्चानं." ते हसून म्हणाले, "मी यात बारा वर्षं उडतोय. काही झालेलं नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. त्यांचं विमान, त्यांचा हक्क.

गाडीत बसल्यावर मुलाला सांगितलं, हे घेऊ नकोस. तो खूप चिडला. "काका, एका आवाजावरून? बारा वर्षं उडतंय ते." त्याला मी एवढंच म्हणालो, की त्या जागेत काही आहे असं मी म्हणत नाही. तिथे काय आहे हे मला माहीत नाही, असं म्हणतोय. मागच्या सीटवर तुझी बायको बसणार आहे. न कळलेल्या गोष्टीवर तिला बसवायचं का, ते तू ठरव. त्यानं बयाणा सोडला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

इथपर्यंत ही फक्त एका सौद्याची गोष्ट आहे. पुढचा भाग मात्र मला अजून सतावतो, आणि तो सार्वजनिक आहे.

निघताना मी सगळं कागदावर लिहिलं. कुठे आवाज बद्द आला त्याचं चित्र काढलं, वजनाचे आकडे लिहिले, सही केली आणि मालकांना दिलं. पुढच्या घेणाऱ्याला दाखवा म्हटलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. तीन महिन्यांनी ते विमान विकलं गेल्याचं कळलं. घेणाऱ्यानं तो कागद बघितला की नाही, मला माहीत नाही. कळायचा मार्गही नाही.

कारण इथल्या कायद्यात घेण्याआधीची तपासणी हा खाजगी मामला आहे. ती करायलाच हवी असं नाही. केली तर तिचे निष्कर्ष विमानाच्या नोंदवहीत लिहायलाच हवेत, असंही नाही. दर बारा महिन्यांनी विमानाची तपासणी सक्तीची आहे. ती ज्यानं विमान बांधलं तो स्वतः करू शकतो, त्यासाठी त्याला खास प्रमाणपत्र मिळतं. पण ते त्या माणसाचं असतं, विमानाबरोबर पुढच्या मालकाकडे जात नाही. त्यानंतर बहुतेक वेळा माझ्यासारख्या मेकॅनिकची सही लागते. ती सही सांगते की आज हे विमान उडण्याजोगं वाटतं. थर कसे दिले, हे ती सांगू शकत नाही. ज्याला ते माहीत होतं तो माणूस पहिल्या विक्रीबरोबरच बाजूला होतो. खटल्याची भीती असते, म्हणून काही बांधणारे नंतर कुठल्याच प्रश्नाला उत्तर देत नाहीत. काही जण तर विकण्यापेक्षा विमान तोडून टाकतात.

तरीही या व्यवस्थेचं एक मोठं बळ आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. इथे विमानाच्या शेपटीवरचा नंबर टाकला की विमान कुठल्या वर्गातलं आणि बहुतेक वेळा मालक कोण, हे घरबसल्या दिसतं. सरकारदरबारी असलेली त्या विमानाची पूर्ण फाइल नाममात्र शुल्कात कुणालाही मागवता येते. अपघात झाला असेल तर त्याचा अहवाल खुला असतो, कितीही मोठा माणूस गेलेला असो. डेन्व्हरचा कॉक कुठे होता हे मला नाशिकमध्ये बसूनही वाचता आलं असतं. स्वातंत्र्य दिलंय, पण माहिती उघडी ठेवून दिलंय. ही माहिती दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीला जिथे गळते, तिथे माणसं मरतात.

आता आपल्याकडे.

कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलंय. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा वैमानिक. २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीत 'मेक इन इंडिया'मध्ये ते विमान मांडलं, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले. मीही केले. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. त्या काळात आपल्याकडची सगळी चर्चा एकाच मुद्द्यावर होती: सरकार परवानगी का देत नाही? लाल फीत, मराठी माणसावर अन्याय वगैरे. त्यांच्या जिद्दीला सलामच आहे, आणि नियम सुटसुटीत हवेत हेही शंभर टक्के मान्य.

पण परवानगी मिळाल्यानंतरचं कुणी विचारलं नाही. उद्या आपल्याकडे अशी पन्नास विमानं झाली आणि ती विकली जाऊ लागली, तर घेणाऱ्याला काय बघायला मिळेल? बांधणीची वही कुठे जमा असेल? थर रंगाखाली जाण्याआधीचे फोटो कुणाकडे असतील? आधीच्या तपासणीत आढळलेला दोष पुढच्याला कळेल का? परवाना द्या, ही मागणी अर्धी आहे. परवाना द्या आणि नोंद उघडी ठेवा, ही पूर्ण मागणी. ज्या दिवशी भारतात या विषयावर नियम लिहायला बसतील, त्या दिवशी अमेरिकेची मुभा तेवढी उचलून कागद मागे सोडून देऊ नयेत, एवढंच म्हणणं आहे. उलट आपण एक पाऊल पुढे जाऊ शकतो. विक्रीआधीची तपासणी केली तर तिचा कागद विमानाच्या फाइलला लागलाच पाहिजे, असा नियम करू शकतो. खर्च जवळपास शून्य.

इथे राहणारे जे मराठी मित्र खरंच असं विमान घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. बांधणीची वही आणि फोटो नसतील तर किंमत कितीही कमी असो, संशय धरा.

२. वजन समोर करून घ्या. इंजिन, प्रॉपेलर बदललेलं असेल तर जुना कागद रद्दी समजा.

३. नाण्यानं वाजवा, टॉर्च तिरकी धरा. नव्या रंगाचा तुकडा दिसला तर त्याचं कारण लेखी मागा. टाकीच्या जोडाजवळ रंगाला फोड आहेत का, बघा.

४. गडद रंगाचं फायबर विमान मोहात पाडतं, पण घरगुती इपॉक्सी उन्हात तापलं की नरम पडतं. ही विमानं पांढरी असतात ती हौसेनं नाही. ब्रेकच्या उष्णतेनं फायबरचे पाय खालच्या टोकाला फाकलेत का, तेही बघा.

५. लाँग-ईझी असेल तर पुढचा छोटा पंख मूळ आकाराचा की नंतरचा, ते विचारा. मूळ आकाराची उचल पावसात कमी होते आणि नाक खाली जायला लागतं.

६. नकाशापेक्षा वेगळं काय केलंय याची यादी करा. कॉक, खटके, पेडल. कॉकपिटमध्ये डोळे मिटून बसा आणि प्रत्येक गोष्टीला हात पोचतो का, ते पाहा.

७. त्याच प्रकारच्या विमानात, ते जाणणाऱ्या माणसाबरोबर पुरेसे तास उडाल्याशिवाय एकट्यानं नेऊ नका. २,७०० तासांचा माणूसही त्याच्यापुढे नवखाच असतो.

८. मालक एखादी जागा तपासू देत नसेल तर भांडू नका. नमस्कार करा आणि निघा.

आणि आमच्या धंद्यातल्यांना एक विनंती. 'नको' म्हणून सौदा मोडला की आपलं काम संपत नाही. जे आढळलं ते लिहून, सही करून मालकाच्या हातात द्या. तो खिशात घालेल, फाडेल, काही करेल. पण दहातला एक तरी पुढच्याला दाखवेल.

पुण्याच्या त्या मुलानं पुढच्या वर्षी दुसरं विमान घेतलं. जुनं आहे, रंग जागोजागी उडालेला, दिसायला अगदीच साधं. पण त्याच्याबरोबर बांधणाऱ्याच्या नऊ वह्या आल्या. एका पानावर लिहिलंय की आज दिलेला थर कोरडा वाटला, उद्या काढून पुन्हा देणार. दुसऱ्या दिवशीच्या पानावर: काढला, पुन्हा दिला.

नियम कसे असावेत याबद्दल तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. डीजीसीए, एचएएल किंवा हवाई दलात काम केलेल्यांनी तर जरूर लिहा, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असेल. शेअर करायला परवानगीची गरज नाही.